वडगावला जायचं राहिलंय

शिरोलीपासून पेठ वडगाव गाडीवर अर्ध्या तासाच्या आत येतं. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ड्रॉइंगचं काम करते, म्हणजे कोल्हापुरातल्या घरापासून निम्मा रस्ता रोज कापतेच. तरी अकरा दिवस झाले, मला पुढं जायला जमलं नव्हतं. का, ते विचारू नका. विचारून विचारून मीच दमलेय.

माझ्या मैत्रिणीची, निशिगंधाची, आई गेली. शुक्रवारी पहाटे. डिप्लोमाची तीन वर्षं मी वडगावात त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि जेवायचे त्यांच्याकडं. मावशींनी "जेवणार का?" असं एकदाही विचारलं नाही, सरळ ताट वाढायच्या. अशा बाईच्या तेराव्याच्या आत त्या घरात तोंड दाखवलं नाही, तर निशिगंधानं पुन्हा माझ्याशी का बोलावं? मी तिच्या जागी असते तर बोलले नसते.

रविवारी सकाळी नऊला रक्षाविसर्जन होतं. मी रजा टाकली, साडी नेसले, किल्ली हातात घेतली आणि जरा कॉटवर टेकले. टेकले ती साडेअकरापर्यंत. हातपाय धड, गाडीत पेट्रोल, रस्ता पाठ. नुसतं उठायचं होतं, आणि उठता येईना! गेल्या वर्षी राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी याला एडीएचडी म्हणतात असं सांगितलं होतं. काम कळत असतं, करायचंही असतं, पण सुरुवातच होत नाही. गोळी चालू आहे. पण मयताच्या घरी जाऊन 'मला सुरुवात होत नव्हती' असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सोमवार, आमच्या एमआयडीसीची सुट्टी. आज जायचंच, म्हणून सकाळी सात वाजता फोनमध्ये कामांच्या यादीचं एक ॲप घेतलं. त्यात लिहिलं, 'वडगाव'. त्यानं विचारलं, रंग कोणता? लाल दिला. दुखवट्याला लाल बरा दिसेना, मग निळा केला. मग कळलं की यापेक्षा चांगलं एक ॲप आहे, त्यात पंचवीस मिनिटं फोनला हात लावला नाही की पडद्यावर झाड वाढतं. झाड वाढलं. मी हात न लावता त्याच्याकडं बघत कॉटवरच. मग तिसरं घेतलं, त्यात तीन रकाने: करायचं, चालू, झालं. 'वडगाव' उचलून 'चालू'त टाकलं तर इतकं बरं वाटलं की मी चहा ठेवला. त्यानंतर कोणतं ॲप चांगलं, यावरचे व्हिडिओ बघत बसले. संध्याकाळ झाली. अस्सा संताप आला स्वतःचा! ॲप निवडायला मला सुरुवात कशी होते मग? तिथं कसं काही अडत नाही?

"फोनमध्ये ॲपांचा बाजार भरवलायस," माझा नवरा राजवीर म्हणाला. "आता त्यातलंच एक पाठवून दे वडगावला."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आणखी एक सापडलं. हे एआयवालं, मोठ्या कामाच्या लहान लहान पायऱ्या करून देणारं. मी सगळं खरं खरं लिहिलं. त्यानं सांगितलं, एक, पाणी प्या. प्याले. दोन, मैत्रिणीला मेसेज करून तिच्या सोयीची वेळ विचारा. मेसेजही त्यानंच लिहून दिला: 'तुझ्या दुःखात मी सहभागी आहे. भेटायला कधी आलेलं तुला सोयीचं होईल? कृपया कळव.' सात दिवसांत पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातून होत होतं. त्या आनंदात मी तो पाठवला आणि मग नीट वाचला.

आयला! मयताच्या घरी वेळ विचारून कोण जातं? आमच्याकडं दार उघडंच असतं. चप्पल काढायची, आत जाऊन बसायचं, बोलायला सुचलं नाही तर गप्प बसायचं. त्या ॲपला हे कुठलं माहीत असणार! पण मला माहीत होतं की. मी कोल्हापुरात वाढलेय, अमेरिकेत नाही.

निशिगंधाचं उत्तर दोन मिनिटांत आलं.

"वेळ घेऊन यायला मी डॉक्टर हाय व्हय?"

त्यानंतर मी फोन पालथाच ठेवत होते. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी दहावा झाला, तोही गेला. मग पुन्हा सोमवार आला. सकाळी अंघोळ करून मी किल्ली घेऊन त्याच कॉटवर त्याच जागी बसले, तेवढ्यात माझ्या सासूबाई, झुंबरबाई, चप्पल घालताना दिसल्या.

"कुठं निघालात?"

"वडगावला. एस्टीनं जातो."

"तुमची तर त्यांच्याशी ओळखबी न्हाई."

"न्हाईच की! तिच्या घरात जेवलीस तू, आन् तोंड दावायला मी निघालोय. कुणीतरी जायला नको?" त्या खरंच पायऱ्या उतरायला लागल्या. त्यांचे गुडघे, आणि आमचा दुसरा मजला!

"थांबा, पडाल!" म्हणून ओरडत मी धावले, त्यांचा हात धरला आणि खाली पोचल्यावर बघते तर माझ्या पायात चपला होत्या. त्या गाडीवर मागं बसल्या आणि माझा खांदा धरला. वडगाव येईपर्यंत सोडला नाही.

गल्लीच्या तोंडाशी त्या उतरल्या. "तू हो म्होरं, मी सावकाश येतो," म्हणाल्या. दारात निशिगंधाची आत्या, विठाबाई, तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"कोण गं तू?"

"क्रांती. निशिगंधाची मैत्रीण."

"आगं, तूच व्हय!" तिनं सूप बाजूला सारलं. "ये, ये बाई. रोज येतीस आन् आमची गाठच न्हाई. निशी सांगती की, मी आन् तिची काकू सांजचं गोठ्यात गेलो की क्रांती यिऊन बसून जाती. परवाचं पिठलंबी तूच आणलंवतंस म्हणं. सगळी जेवली बघ."

निशिगंधा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोळे सुजलेले, केस तसेच बांधलेले. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"आज सुट्टी असती तिला, आत्त्या," ती म्हणाली. "म्हणून दिवसाची आली."

मला वाटलं, तिथल्या तिथं जमीन फाटावी आणि मी आत जावं. अकरा दिवस मी घरात रंग निवडत होते आणि ही आपल्या आईचं दुःख बाजूला ठेवून चार बायकांत माझी अब्रू झाकत होती. आत्या सूप घेऊन आत गेली. मी निशिगंधाचा हात धरला, तिनं तो सोडवला नाही.

"निशे, माझं चुकलं. मला..."

"सांगू नको. तुझं मला म्हाईत हाय सगळं," ती म्हणाली. "पण उद्या खरंच ये गं. खोटं बोलून बोलून दमलो मी."

मी मान हलवली. उद्या मला उठता येईल का, हे तेव्हाही मला सांगता आलं नसतं.