रहिवासाची शपथ

हेगरुड गावात निवडणुकीच्या दिवशी चर्चच्या तळघरात आर्डिस टोलेफसन जे टेबल सांभाळायची, त्याला लोक ‘उशिरा जाग आलेल्यांचं टेबल’ म्हणत. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मतदारयादीत नाव नसलेल्या माणसाला मतदानाच्या दिवशीही नाव घालता येतं. पत्त्याचा पुरावा दाखवायचा, अर्ज भरायचा, सही करायची. पुरावा नसेल तर त्याच भागातल्या एखाद्या मतदाराने पुढे येऊन शपथेवर सांगायचं, की हा माणूस इथे राहतो हे मला स्वतःला ठाऊक आहे. ऐकीव चालत नाही, आणि खोटी शपथ घेतली तर तुरुंग. आर्डिस ही शपथ सव्वीस वर्षं लोकांना वाचून दाखवत होती. वाचताना तिचा आवाज असा काही व्हायचा की खऱ्या माणसालाही क्षणभर आपण चोर आहोत असं वाटावं.

शेजारच्या खुर्चीत वेंडल क्राउझ बसे. टेबलावर दोन पक्षांची दोन माणसं लागतात, म्हणून हा दुसऱ्या पक्षाचा. उभा जन्म बियाण्याच्या दुकानात गेलेला. वाया गेलेला एकही अर्ज तो फेकू देत नसे. प्रत्येकावर कारण लिहून घ्यायचा आणि पाकिटात घालायचा. हा त्याचा स्वतःचा कायदा होता.

सकाळीच डेअरीवाला ग्लेन नूटसन गमबूट न काढता आला होता. सोबत विस्कॉन्सिनहून आलेला नवा गडी.

“हा तुझ्या गोठ्याच्या माडीवर राहतो, हे तुला स्वतःला ठाऊक आहे?” आर्डिसने विचारलं.

“ह्याच्या घोरण्याने माझ्या गाई पान्हा चोरतात, आणखी काय पाहिजे?”

“हो की नाही, एवढंच सांग.”

“हो, बाई, हो.”

सही करताना ग्लेनच्या बाहीचं काहीतरी अर्जाला लागलं आणि नवा अर्ज काढावा लागला. वेंडलने जुना तिच्यापुढे सरकवला. “कारण लिही.” आर्डिसने लिहिलं, ‘शेण’. वेंडलने तो बोटांच्या चिमटीत धरून पाकिटात घातला.

कॉफीच्या किटलीजवळ मार्लिस उभी असायची. शेंगदाण्याचं लोणी आणि चॉकलेट घालून ती वड्या करायची, ट्रे भरभरून. दुपारी तिने नेहमीप्रमाणे कागदी रुमालात दोन वड्या गुंडाळल्या आणि आर्डिसपाशी आणून ठेवल्या. “एक तुला, एक नेल्सला.”

“आवडतात त्याला,” आर्डिस म्हणाली.

नेल्स तिचा एकुलता एक मुलगा, सदतीस वर्षांचा. तो सेंट पॉलला राहायचा, चार तासांवर. एप्रिलमध्ये एक भाड्याची जागा सुटली आणि दुसरी मिळायची होती, म्हणून सोळा दिवस आईकडे येऊन राहिला. किराणा दुकानात कोणीतरी विचारलं, “नेल्स परत आला वाटतं राहायला?” ती म्हणाली, “हो.” तेव्हा ते निदान अर्धं तरी खरं होतं. मग तो गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, “नेल्स दिसला नाही?” आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “रात्रपाळी असते. दिवसा झोपतो.”

एक खोटं पोसायला रोज काहीतरी घालावं लागतं. अंगणात नेल्सने इथेच सोडलेली जुनी पिकअप उभी होती. तिची पुढची काच ती रोज सकाळी पुसायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं गाडी आत्ताच बाहेर जाऊन आली. दुकानातून त्याच्या आवडीचं न्याहारीचं गोड सिरियल आणायची आणि पाखरांना घालायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. ‘कशी राहत असेल एकटी’ ही नजर बारा वर्षं तिच्या पाठीवर होती, आणि त्या एका ‘हो’ने ती नजर उतरली. ते सुख तिला सोडवेना. खरं सांगायचं तर कोणालाच सोडवलं नसतं.

गेल्या शुक्रवारी मात्र नेल्स खरोखर आला. शनिवारी हरणांची शिकार खुली होते, तेवढ्यासाठी. चार रात्री घरात दुसऱ्या माणसाचे आवाज होते: बूट काढल्याचा, फ्रिज उघडल्याचा. मंगळवारी सकाळी ती मतदान केंद्रावर निघाली तेव्हा तो झोपलेला होता. दुपारी निघेन म्हणाला होता.

साडेचारला तो तळघराचा जिना उतरून आला, अंगावर शिकारीचं नारिंगी जाकीट.

“तू अजून इथेच?” आर्डिस म्हणाली.

“मित्रांबरोबर वेळ गेला. त्यात रस्ता निसरडा झालाय, आठला मतदान बंद व्हायच्या आत काही सेंट पॉल गाठत नाही मी. माझं मत फुकट जाईल, आई. इथेच देतो ना. आणि आपला तो कॉरी उभा आहे विधानसभेला, म्हणतात वीस-तीस मतांवर...”

“इथे उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही.”

“बरं, नाही घेत. पण नाव नोंदवता येतं ना आज? लायसन्सवर तिकडचा पत्ता आहे, पण ओळखीच्याने शपथ घेतली तर चालतं. तूच तर आहेस.”

मार्लिस किटली घेऊन तिथेच उभी होती. “मग अडलंय कशाला? तुझ्याच घरी राहतो तो, आर्डिस. सांगून टाक. वेंडल, तू वाच शपथ.”

वेंडलने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

नेल्स टेबलावर वाकला. हळू आवाजात म्हणाला, “पेट्रोल पंपावर मला विचारत होते, रात्रपाळी झेपते का म्हणून. मी हो म्हटलं. चार दिवस सगळ्यांना हो म्हणतोय, आई. तुझ्यासाठी. तू एकदा म्हण.”

आर्डिसने पेन उचललं. तिचं खोटं त्याला कळलं होतं, आणि तो काही बोलला नव्हता. हे बरं की वाईट, तिला ठरवता येईना.

तिने अर्ज पुढे ओढून त्याचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. ती तिला विचारावी लागत नव्हती. पत्त्याच्या ओळीपाशी पेन थांबलं. आपलाच पत्ता लिहायचा, आणि गावासमोर, राज्यासमोर म्हणायचं, की माझा मुलगा माझ्या घरी राहतो. सात महिने जे दुकानाच्या रांगेत सांगत आलो तेच. मग पुढच्या निवडणुकीला यादी छापून येईल, आणि तिच्या पत्त्यावर दोन नावं असतील, एकाखाली एक. कुठलंही वाक्य म्हणावंसं तिला इतकं कधी वाटलं नव्हतं.

तिने डावीकडची नियमांची वही ओढली. ते पान तिला पाठ होतं, पण हात कुठेतरी ठेवायला हवे होते.

“नेल्स टोलेफसन,” ती म्हणाली, तिच्या त्या टेबलावरच्या आवाजात, “माणूस बाहेर गेला की जिथे परत यायचं त्याच्या मनात असतं, ते त्याचं राहायचं ठिकाण. असं इथे लिहिलंय. तुझ्या मनात कुठे परतायचं असतं?”

“आई, उगाच काय...”

“उत्तर दे. इथे म्हणालास तर मी आत्ता सही करते.”

ती थांबली. आजवर तिने हा प्रश्न कित्येकांना विचारला होता, पण उत्तराची अशी वाट कधी पाहिली नव्हती. म्हण रे, तिच्या मनात आलं. खोटं का असेना, म्हण.

नेल्स हातातल्या किल्ल्यांकडे बघत राहिला. पोरगा हट्टी होता, आळशीही होता, पण आईने तोंडावर विचारलं तर खोटं बोलायचा नाही. ही खोड तिनेच लावलेली.

“सेंट पॉलला,” तो म्हणाला. “उद्या सकाळी काम आहे मला.”

आर्डिसने पेन खाली ठेवलं.

“हा माझ्या घरी राहत नाही,” ती म्हणाली. आवाज शपथेचाच होता, त्यामुळे कॉफीच्या रांगेपर्यंत पोचला. “एप्रिलपासून राहत नाही. शुक्रवारी शिकारीला आला होता.”

रांगेत कोणी मागे वळून पाहिलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

नेल्सचे कान लाल झाले. “एका मताचा तर प्रश्न होता, आई.”

“हो.”

त्याने जाकिटाची चेन वर ओढली. “थँक्सगिव्हिंगच्या सणाला बघतो, जमतंय का.”

“सावकाश जा. पुलावर आधी बर्फ धरतो.”

त्याची पावलं जिन्यावरून वर गेली. वेंडलने तो अर्धवट अर्ज उचलला, घडी केली आणि गुपचूप पाकिटाकडे नेला. सव्वीस वर्षांत त्याने पहिल्यांदाच कारण मागितलं नव्हतं.

“कारण राहिलं,” आर्डिस म्हणाली. तिने अर्ज परत घेतला, घडी उलगडली आणि आडव्या ओळीत लिहिलं: ‘येथे राहत नाही.’

वेंडलने तो कागद पाकिटात घातला. मग म्हणाला, “पिकअपचं पुढचं डावं चाक जूनपासून बसलंय, आर्डिस. रस्त्यावरून दिसतं.”

तिने मार्लिसकडे पाहिलं. मार्लिस किटलीचं झाकण उगाच पुसत होती.

“तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?”

“गाव केवढं आपलं,” मार्लिस म्हणाली. “मघाशी मी म्हटलं खरं, घे शपथ म्हणून. चुकलंच माझं. वाटलं, कागदावर तरी राहू दे पोराला घरी.”

आर्डिसला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. “माहीत होतं, तर एखाद्या रविवारी जेवायला बोलवायचं होतं मला. सात महिन्यांत एकदा.”

“दोनदा आलो होतो विचारायला,” वेंडल म्हणाला. “दोन्ही वेळा तू दारातूनच सांगितलंस, नेल्स आता उठेल, त्याच्या जेवणाचं बघायचंय. घरी जेवणारं माणूस आहे म्हणणाऱ्या बाईला काय बोलावणार?”

वेंडल दारात टोपी हातात धरून उभा होता ते तिला आठवलं, आणि तो लवकर जावा म्हणून आपण दार किती पटकन लावलं तेही आठवलं. आत गेल्यावर तिने दोन ताटल्या मांडल्या होत्या आणि एक धुतली होती.

कागदी रुमाल टेबलावर तसाच होता. तिने तो उलगडला. एक वडी स्वतःपुढे ठेवली आणि दुसरी वेंडलकडे सरकवली.

“खा,” ती म्हणाली. “घरी खायला कोणी नाही.”

वेंडलने वडी घेतली. जिन्यावर पुन्हा पावलं वाजली, कोणीतरी विजेचं बिल हातात घेऊन खाली येत होतं, आणि आर्डिसने नवा अर्ज पुढे ओढला.