खोक्यांची कचेरी

जपानातल्या ओनोमिची गावच्या एका बालवाडीतला प्लॅस्टिकचा किल्ला कोझुएबाईंनी माळ्यावर टाकला आणि त्या जागी रिकामी खोकी, दोऱ्या, पुठ्ठ्याच्या नळ्या मांडल्या. मोठ्या सरांनी, म्हणजे शिमोमुरा सरांनी, कपाळाला आठ्या घातल्या.

"हा पसारा शुक्रवारी रद्दीच्या गाडीत जाईल. किल्ला परत येईल."

"पण सर, यातून मुलं काहीही करू शकतील!"

"तीच तर भीती आहे."

गुरुवारपर्यंत मुलं खोक्यांत नुसती बसून राहिली. कोझुएबाईंचा जीव टांगणीला लागला. शुक्रवारी सकाळी मात्र खोकी रांगेनं उभी राहिली, त्यातल्या दोन खोक्यांना खिडक्या पडल्या. पहिल्या खिडकीत पाच वर्षांची नागी अतिशय कंटाळलेल्या चेहऱ्यानं बसली. बाहेर नळीत कागदाचे नंबर ठेवले होते.

रद्दीच्या गाडीचं गाणं ऐकू आलं तसे सर तरातरा आत आले. खिडकी दिसताच त्यांचे पाय थबकले. हात आपोआप पुढे झाला. नंबर घेऊन ते बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसले. मागोमाग गाडीवरचे दोघे आले. त्यांनीही नंबर घेतले.

"आठ!" नागी ओरडली.

आठ कोणाकडेच नव्हता. तरी सगळे आठची वाट पाहत थांबले.

"बरं, तीन!"

सर उठले, वाकले. "ही खोकी न्यायची होती."

"कोणती?"

"म्हणजे... ही कचेरीच."

"शिक्का आणलाय?"

सरांनी खिशातून सहीऐवजी मारायचा आपल्या नावाचा शिक्का काढला. नागीनं तो हुंगला. "लाकडी आहे. आमच्याकडे बटाट्याचाच चालतो."

"आयला, माझापण लाकडीच आहे," गाडीवाला पुटपुटला.

"बटाटा कुठे मिळेल?" सरांनी विचारलं.

"दुसऱ्या खिडकीत."

दुसरी खिडकी बंद होती. तिथं बसणारा मुलगा, सोटा, शूला गेला होता.

गाडीवाल्यांना पुढची गल्ली गाठायची होती. "पुढच्या शुक्रवारी बटाटा घेऊन येतो, ताई," म्हणत ते वाकून निघून गेले. गाणं लांब गेलं. कोझुएबाईंनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला.

"सर, मग किल्ला?"

"हळू बोला! किल्ल्याचा अर्ज इथेच द्यायचा का, तेवढं विचारा ना."

कोझुएबाईंनी नंबर घेतला आणि विचारलं.

"किल्ल्याचं सगळं सोटा बघतो," नागी म्हणाली. "पण शूहून आला की तो झोपतो."

सरांनी समजूतदारपणे मान हलवली आणि पुन्हा बाकावर जागा धरली.