तपासायचं राहून गेलं

दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. रुग्णालयातल्या चारही सर्जननी ठरवलं, की पाऊस येईपर्यंत तपासणीची फी घरी न्यायची नाही, ती सगळी टँकरसाठी द्यायची. मूळ कल्पना त्या चौघांतल्या डॉक्टरबाईंची. त्यांचा थोरला भाऊ इंजिनियरची नोकरी सोडून कोरड्या गावांकडे मदत छावणी चालवत होता. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, आणि फोनवर तो पाण्याशिवाय दुसरं काही बोलायचाच नाही.

बातमी पसरली तशी ओपीडीत झुंबड उडाली. ज्यांना काही होत होतं ते येत होतेच, पण ज्यांना काही होत नव्हतं तेही येऊ लागले. कुणाला वीस वर्षांपूर्वीच्या टाक्यांची आठवण झाली, कुणाला पायावरची जुनी गाठ दाखवायची हुक्की आली. "तेवढंच पुण्य, आणि मोठ्या डॉक्टरांचा हातही लागतो," असं म्हणत लोक रांगेत उभे राहायचे. काउंटरवरच्या काकू वैतागून म्हणाल्या, "मॅडम, बाहेर निम्मी माणसं ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा ठणठणीत!"

"येऊ देत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठणठणीत माणसाला वेळ कमी लागतो."

आधी त्या दिवसाला पंचवीस जणांना तपासायच्या. ते चाळीस झाले, मग साठ. जेवणाची सुट्टी गेली. पाठीला रग लागायची, पण दादाचा फोन आला की रग विसरायला व्हायची. "तुमच्या डॉक्टरांच्या जिवावर अजून एका गावात टँकर सुरू झाला, चिमणे," तो सांगायचा. पन्नाशी ओलांडलेल्या डॉक्टरबाईंना चिमणी म्हणणारं जगात आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

अशाच एका दुपारी ऑपरेटरबाई आल्या. टेलिफोन खात्यात त्यांनी सगळा जन्म काढला होता, आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना तेच नाव होतं. एकट्या राहायच्या. आत आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही हं. फी भरायला आलेय. आता आलेच आहे, तर म्हटलं भेटून जावं."

आवाज जरासा बसलेला होता. गळ्याभोवती सुती ओढणी घट्ट गुंडाळलेली होती. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी ती त्यांनी सैल केली नाही.

"घसा बसलाय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"धूळ हो सगळी. जन्मभर बोलले, आता थोडा आराम," ऑपरेटरबाई हसल्या. हसताना त्यांचा हात ओढणीकडे गेला आणि तिथेच थांबला.

डॉक्टरबाईही हसल्या. बाहेर अजून तीस माणसं होती. "गरम पाणी पीत जा. आणि तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून टँकर चालतात," असं म्हणून त्यांनी घंटी वाजवली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

तीन महिन्यांनी ऑपरेटरबाई पुन्हा आल्या, त्या शेजारणीचा हात धरून. दोन जिने चढताना त्यांना धाप लागली होती. ओढणी आता गळ्यावरची गाठ झाकू शकत नव्हती. डॉक्टरबाईंनी त्यांना टेबलावर झोपवलं, गळ्यावर बोटं ठेवली, आणि बोटांना जे कळलं ते तोंडावर दिसू नये म्हणून खिडकीकडे बघितलं.

"हे कधीपासून आहे?"

"मागे आले होते ना," ऑपरेटरबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तेव्हाही होतं."

शेजारणीने चमकून डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाईंना तोंड वर करवेना.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. भूल द्यायला नेहमीचेच डॉक्टर होते, सगळं रुग्णालय त्यांना लाडाने अंगाईवाले म्हणायचं. गाठ निघाली, श्वासनलिका मोकळी झाली. पण गाठीने गिळलेली आवाजाची नस वाचली नाही. हात धुताना अंगाईवाले म्हणाले, "तीन महिने आधी गाठ काढली असती, तरी नस गेलीच असती कदाचित. आवाज तेव्हाच बसला होता म्हणता ना?"

"कदाचित," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि कदाचित नसती गेली."

अंगाईवाले नळ बंद करून गेले.

चौथ्या दिवशी डॉक्टरबाई वॉर्डात गेल्या, स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या आणि आडपडदा न ठेवता बोलल्या. "त्या दिवशी मी तुमचा गळा बघायला हवा होता. आवाज ऐकला होता, ओढणीही पाहिली होती. बाहेर रांग होती म्हणून जाऊ दिलं. चूक माझी आहे."

ऑपरेटरबाई नुसत्या श्वासाने, अगदी कान देऊन ऐकावं लागेल असं बोलल्या, "भीती वाटत होती मला. वाटलं, फीचं निमित्त करून जावं. तुम्हाला दिसलं तर दिसलं. नाही दिसलं, तर काहीच नाही असं समजायचं." त्या दमल्या, थांबल्या. "घरी गेले तेव्हा खूश होते मी. त्या रात्री शांत झोपले."

डॉक्टरबाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"तुम्हाला दोष द्यायचा की नाही, ते माझं अजून ठरत नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "मला घाई करू नका."

"नाही करणार."

संध्याकाळी दादाचा फोन आला. डॉक्टरबाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो समजूत घालायला लागला. "अगं, किती हजार लोक पाणी पितायत तुमच्यामुळे, याचाही विचार कर. एका बाईचा आवाज..."

"दादा, पुढे बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "तू ते वाक्य पुरं केलंस, तर मला तुझ्याशी बोलता येणार नाही."

पलीकडे कुणीतरी रिकामी पिंपं गडगडत नेत होतं.

"उद्यापासून मी तीसच जणांना बघणार," त्या म्हणाल्या. "जो येईल त्याला टेबलावर झोपवून, नीट तपासून. काही झालं नाही म्हणणाऱ्याला आधी. बाकीच्या तिघांशीही बोलले आहे. दोघं हो म्हणाले, एक चिडलेत."

"फी निम्मी होईल."

"हो."

"डोंगरापलीकडच्या दोन वस्त्यांना मग दिवसाआड टँकर जाईल, चिमणे. तिथे लहान मुलं आहेत."

"माहीत आहे मला."

"मी तुला बोल लावत नाहीये. कुठे कमी पडणार ते तुला माहीत असावं, म्हणून सांगतोय."

"सांगत जा," त्या म्हणाल्या. "रोज सांगत जा."

दुसऱ्या दिवशी काकूंनी एकतिसाव्या माणसाला परत पाठवलं. तो दरवाजातूनच ओरडला, "आम्ही दान करायला आलोय, आणि तुम्ही हाकलताय?" डॉक्टरबाईंना आत ऐकू गेलं. टेबलावर एक धडधाकट गृहस्थ झोपले होते, आपल्याला काही झालेलं नाही असं तिसऱ्यांदा सांगत होते. डॉक्टरबाईंनी शर्टाची बटणं काढायला सांगितली आणि दोन्ही हात त्यांच्या पोटावर ठेवले. बाहेरचा माणूस अजून भांडत होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.