खांद्यावर उघडणारा सदरा

हॉस्पिटलच्या शिवणखोलीत ती अकरा वर्षं चादरी आणि पेशंटचे सदरे दुरुस्त करत होती. सगळे तिला शिवणताई म्हणत. दर आठवड्याला पाच-सहा सदरे खांद्यापासून कापलेले यायचे. एकदा तिने कारण विचारलं.

"प्लास्टरमधला हात बाहीत जातच नाही," नर्स म्हणाली. "मग कात्री लावतो."

त्याच दुपारी तिला सुचलं: गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उघडणारा सदरा.

ती कुणाजवळ बोलली नाही. मागे तिने चादरींना रंगीत काठ लावायचं सुचवलं होतं, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून त्याची इतकी थट्टा केली, की संध्याकाळपर्यंत तिलाच ते खुळचट वाटू लागलं. या खेपेला आधी शिवायचं, मग तोंड उघडायचं.

बाद चादरीतून पहिला सदरा झाला. नणंदेचा हात नुकताच मोडला होता, तिला तो घालायला दिला.

"वहिनी, एका हाताने या बंदांची गाठ मारून दाखव बरं," नणंद म्हणाली.

बंद उसवून तिने टिचबटणं लावली. सदरा जमला, पण धीर होईना. चार दिवस ती मेट्रनबाईंच्या दारापर्यंत जाऊन माघारी आली. पाचव्या दिवशी आणखी एक कापलेला सदरा टेबलावर पडला. तिने तो आणि आपला नवा, असे दोन्ही सदरे उचलले आणि विचार करायच्या आत दार लोटलं.

मेट्रनबाईंनी उजवा हात छातीशी धरला आणि डाव्या हाताने सदरा चढवला. टिच, टिच, टिच.

"कुणी सांगितलं होतं करायला?"

"कुणीच नाही."

"मग मापांसकट कागदावर उतरव, खाली सही आणि तारीख घाल. नाहीतर उद्या कपडे पुरवणारा स्वतःचा म्हणून आपल्यालाच विकायला आणेल. आणि वीस शिव. दहा उजव्या हाताचे, दहा डाव्याचे."

"डाव्याचा विचारच केला नव्हता," ती म्हणाली.

"आता कर."

पुढच्या गुरुवारी नव्या सदऱ्यांचा गठ्ठा घेऊन ती वॉर्डात गेली. खिडकीपाशी एक निवृत्त ड्रायव्हर कुणाची मदत न घेता सदरा घालून ऐटीत केस विंचरत होते. एक टिचबटण भलत्याच जागी लागलं होतं. तिने ते त्यांना सांगितलं नाही.