टिटवीची अंडी बांधावर

ब्याण्णवच्या मे महिन्यात आमच्या इंदापूरच्या माळावर, टेकडीतल्या तळ्यात अंगणाएवढंच पाणी उरलं होतं. पण ऐट काय त्याची! सकाळी बगळे, दुपारी आमची मेंढरं, ऊन उतरलं की हरणांची जोडी. पाऊस पडेपर्यंत तिथं पाणी उपसायचं इंजिन लावायचं नाही, असं गावानं ठरवलेलं. कारण टिटवीनं पार तळाशी, वाळक्या चिखलात अंडी घातली होती. टिटवी खाली बसली की पाऊस कमी, बांधावर बसली की भरपूर. आमच्याकडं लहान पोरालाही हे पाठ.

मी नुकतीच वालचंदनगरला वक्तृत्वात पहिली आलेली. मला कोण अडवणार? मेंढरांच्या खुरांखाली फुटतील म्हणून ती अंडी ओढणीत घेतली नि वर बांधावर खड्यांत नीट मांडून आले.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर इंजिन धडधडत होतं.

"तात्या, हे काय?"

गावात सगळ्यात जास्त ऊस संभाजीतात्यांचा. पाइप सरळ करत ते हसले. "टिटवी बांधावर चढलीया, सुकन्याबाई! औंदा दणकून पाऊस हाय. मग हे पाणी कुणासाठी राखायचं?"

"टिटवी नाही चढली! अंडी मी ठेवली तिथं!"

"व्हय गं? मग घातलीबी तूच आसशील!"

तात्यांची माणसं खदखदून हसली. मी हरणांचं सांगितलं, मेंढरांचं सांगितलं, हात जोडले. तात्यांनी टाळ्या वाजवल्या. "झालं भाषण? पेढं आणा रं!"

"तात्या, पोरगी खोटं न्हाय बोलत. अंड्यांवर टिटवी तरी हाय का, बघा की," मेंढरं थोपवून उभी असलेली माझी आत्या, बानूबाई म्हणाली.

कुणीच वर चढून बघितलं नाही. पाऊस येणार, हे त्यांना इतकं हवं होतं.

काठ डोळ्यांदेखत मागं सरकत होता. उघड्या पडलेल्या चिखलात मासे तडफडायला लागले. मी चपला भिरकावल्या, आत शिरले आणि पाइपाचं तोंड पाण्याबाहेर उचलून छातीशी धरलं. पाइप खरखरला. धार तुटली.

"सोड ते! गाळात रुतशील!" तात्या ओरडले.

रुतलेच होते, मांडीपर्यंत.

"पाऊस आला की सोडते, तात्या!"

तात्या शिव्या देत खाली उतरले, पण दोन पावलांत त्यांचाही पाय अडकला. मी पाइप आणखी घट्ट आवळला. आणि काठावर कुणीतरी, हवा शिरलेल्या पंपानं परत पाणी ओढावं म्हणून, त्यात ओतायला घागर घेऊन निघालं होतं.