पांढरी पट्टी

पांढरी पट्टी रबराची होती, केसांना लावतात तसली, आणि तबकात काळ्यांच्या खाली अर्धी दबलेली होती... ती उचलायला तिचा हात पुढे गेला आणि तिथेच घुटमळला. कॉफीच्या दुकानावरची ही खोली, जोडीदारांत हुकूम देण्या-मानण्याची आवड असलेली, महिन्यातून एकदा जमणारी ही मंडळी, दाराशी हे तबक – काळी पट्टी डॉमची, म्हणजे हुकूम देणाऱ्याची, पांढरी सबची, हुकूम मानणाऱ्याची, करडी दोन्हीकडच्यांची. मनगटात घातली की कुणाला काही सांगत बसावं लागत नाही. सोयच ती. तीन वर्षं तिच्या मनगटात काळी होती.

ती दिली कुणी? मंडळी चालवणाऱ्या दातांच्या डॉक्टरनं, पहिल्याच दिवशी, तिनं स्वतःविषयी काही सांगायच्या आत. खाली गल्लीत त्याची गाडी अडकली होती आणि ती सवयीनं ओरडली होती – "थांबा! चाक सरळ. आता मागे. हळू!" – गाडी शिकवण्यात हयात गेलेली बाई, दुसरं काय करणार, पण डॉक्टर घामाघूम होऊन वर आला तो जन्मजात डॉम सापडल्याच्या आनंदात. आणि तिला हवं होतं एवढंच, की शिकणाऱ्यांच्या शेजारी दिवसभर शिकवणाऱ्याच्या वेगळ्या ब्रेकवर आखडलेला पाय कुठेतरी उचलावा, आणि कुणीतरी म्हणावं, बस, आता मी बघतो. त्यासाठीच तर हा जिना चढली होती... मग बोलली का नाहीस? बोलणार होते. पण शेजारी पांढरी घातलेला एक चष्मेवाला येऊन बसला, काळ्या पट्टीकडे बघून सुखावला. पुढे दोघांचं एक घर झालं, आणि पट्टी घरातही आली.

"अहो बाई, चुकून पांढरी उचलताय," डॉक्टर म्हणाला.

"चुकून नाही."

"तुम्ही?" तो खो खो हसला. "मग आम्ही घाबरायचं कुणाला?"

सगळे हसले. बाहेरचं जग आपल्याला समजून घेत नाही म्हणून दर महिन्याला गळा काढणारी हीच माणसं! एकटा चष्मेवाला हसला नाही. त्याचा चेहरा पार उतरला – अर्धं आयुष्य एकट्यानं काढलेला, तिच्या शब्दावर जगणारा हा भला माणूस. तिनं पांढरी खाली ठेवली. मग तीही हसली.

संध्याकाळी घरी तो तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. "मघाशी गंमत केलीस ना?"

आता. आत्ताच सांग – नाही रे, मला तुझ्या जागी बसायचंय, मी थकलेय, हे माझं नव्हतंच कधी... आणि मग? तो जाईल. रागावून नाही; रागावणं त्याच्या स्वभावातच नाही, उलट माफी मागून जाईल.

"हो," ती म्हणाली.

त्याचा जीव भांड्यात पडला. "मग सांग, मी काय करू?"

तो मान वर करून वाट बघत राहिला, प्रेमानं, चिकाटीनं. आणि त्याला काय हवंय ते तर तिला पाठ होतं – आवाज किती खाली आणायचा, आधी किती वेळ गप्प राहायचं.

"डोळे मीट," ती म्हणाली, अगदी त्याला आवडतं तशी. त्यानं मिटले. केवढं सुख त्याच्या तोंडावर! आणि तिला कळलं, की या घरात हुकूम मानत आलो ते आपणच, न चुकता, एकदाही नाही न म्हणता – आणि मानण्यात जे सुख असतं म्हणतात, तेवढं मात्र आपल्या वाट्याला कधी आलंच नाही. तो डोळे मिटून बसला होता. आता पुढचं काहीतरी सांगायला हवं होतं.