चौदावा पासपोर्ट

पालकसभेत ठकूबाईने लेकीच्या पासपोर्टावर पंजा दाबला आणि साधनाबाईंची पिशवी तिच्यापुढे तशीच उघडी राहिली.

निरगुडसर गावच्या चौदा मुली खो-खो खेळायला मलेशियाला निघाल्या होत्या. पुण्यापलीकडे कुणी गेलेली नव्हती. खेळाच्या शिक्षिका साधनाबाई तीन महिने त्यांच्या सुरक्षेच्या तयारीला जुंपल्या होत्या. मुलींच्या जोड्या, औषधांच्या याद्या, प्रत्येकीच्या गळ्यात फोन नंबरांचं कार्ड. पासपोर्ट मात्र सगळे बाईंच्या पिशवीत. पोरींकडे दिले तर विमान सुटायच्या आत दोन तरी हरवतील, हे त्यांचं ठाम मत. तेरा पिशवीत पडलेही होते.

बाईंनी नियम पुन्हा समजावला. पालकांत कुजबुज सुरू झाली. तिकिटांचं बघणारे गोरखभाऊ म्हणाले, ऊसतोडीला जाणाऱ्यांना यातलं काय कळतंय, नाव कापा आणि पुढे चला. ठकूबाईची आरोही संघातली सगळ्यात चपळ पोर, पण हे ऐकून तिची मान खाली गेली.

"कापा," ठकूबाई म्हणाली. "पर ह्यो द्यायची न्हाई."

"अहो, हरवू नये म्हणूनच घेतेय मी."

"मुकादमबी ह्येच म्हनला व्हता."

मग आवाज न चढवता तिने सांगितलं. लांबच्या फडावर मुकादमाने साऱ्या टोळीची आधार कार्डं गोळा केली होती, हरवतील म्हणून. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा म्हणाला, हंगाम संपून कारखाना बंद झाला की कार्ड घे आणि खुशाल जा. रेशनपासून बँकेपर्यंत सगळं त्या कार्डावर. ते टाकून जायचं तिचं धाडस झालं नाही.

"मग आईकडे कधी गेलात?"

"गेलेच न्हाई. दहाव्यालाबी न्हाई."

मुकादमाच्या पंगतीला बसवल्याचा साधनाबाईंना भयंकर राग आला. ठकूबाई म्हणते ते खोटं नाही, हे कळल्यावर तो आणखी वाढला, पण आता स्वतःवर. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि मुलींना आपापला पासपोर्ट उचलायला सांगितलं.

गोरखभाऊ उठलेच. हरवला तर जबाबदारी कुणाची, असं त्यांनी विचारलं.

"हरवला तर कुठं जायचं, कुणाशी काय बोलायचं, ते मी शिकवीन. महिना आहे हातात. आणि नाव कुणाचंही कापलं जाणार नाही."

मुली टेबलाभोवती जमल्या. आरोही मात्र आईसमोर येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"आये, दे."

"निघायच्या दिशी देते की. माझ्याकडं ऱ्हाऊ दे तवर. हरवशील."

आरोहीने हात मागे घेतला नाही. मान आता ताठ होती.

"माझा हाय त्यो."

ठकूबाईने आधी पोरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पंज्याकडे. आणि तो उचलला.